तुझं ताट मी कधी पाहिलं नाही

आण्णा, मी अजून घरीच आहे. तेरावा होऊन चार दिवस झाले. पाहुणे आपापल्या गावाला गेले, दारातल्या मांडवाचं कापड सोडून नेलं, नंदाही परवा साताऱ्याच्या आमच्या घरी परतली. जाताना तिनं विचारलं, "तुम्ही कधी येताय?" मी म्हणालो, "बघू." आजवर या घरात येताना परतीची एसटी कुठली, हे मी आधी ठरवून यायचो. आल्या आल्या तूही विचारायचास, "मुक्काम किती दिसाचा?" कारण त्यावर कोंबडं आज कापायचं की उद्या, हे ठरायचं. या वेळी मला कुणी विचारलं नाही.

बाहेरच्या सोप्यात बसून लिहितोय. दुपार टळटळीत आहे. तुझा विकास रानात गेलाय, वैनी आत शाळूची ज्वारी निवडतायत, सुपाचा आवाज येतोय. फौजेत चोवीस वर्षं मी क्लार्क होतो. दुसऱ्यांचे रजेचे अर्ज, बदल्यांचे कागद, निरक्षर जवानांची बायकांना पत्रं, सगळं लिहिलं. माझ्या सख्ख्या भावाला मात्र कधी धड पत्र लिहिलं नाही. तूही मला लिहिलं नाहीस. तुझ्या पत्रात ठरलेला मजकूर असायचा: इकडील सर्व खुशाल आहे, पाऊस बरा आहे, तब्येतीला जपणे. तेवढाच मजकूर उलटा करून मी तुला पाठवायचो.

त्या खुशालीबद्दलच बोलायचंय. भांडायचंय म्हटलं तरी चालेल. तू नाहीस म्हणून मी मऊ होऊन बोलेन अशी आशा ठेवू नकोस.

पहिल्या रजेची गोष्ट तुला आठवत असेल. पंधरा महिन्यांनी मी आलो. शाळू काढायचे दिवस होते, मी मुद्दाम रजा त्याच वेळची मागितली होती. विट्याहून आलेल्या गाडीतून ट्रंक उतरवतोय तोवर तू फाट्यावर हजर. आजूबाजूला चार माणसं बघून तू मोठ्यानं म्हणालास, "आलं, आलं आमचं पाव्हणं!" सगळे हसले. मीही हसलो. घरी आलो तर वैनींनी पाय धुवायला तांब्या पुढं केला, खांद्यावर टाकायला कोरा टॉवेल दिला. संध्याकाळी पंगत बसली. मी, मामा आणि शेजारचे दोघं. तू वाढत होतास. मी म्हणालो, "आण्णा, तू बी बस की." तू भाकरीची दुरडी घेऊन तसाच उभा. "पाव्हणं जेवल्याबिगार घरचा मानूस बसतो व्हय रं? जेव गुमान."

ते मला आवडलं, हे आधीच सांगून टाकतो. पंधरा महिने लंगरच्या रांगेत थाळी घेऊन उभं राहिल्यावर कुणीतरी मटणातली नळी शोधून ताटात घालतंय, पातळ रस्सा नको म्हणून दुसरं पातेलं आणतंय, हे कुणाला आवडणार नाही? मी ऐटीत जेवलो. तुझी थट्टा म्हणून सुरू झालेलं ते नाव मग पक्कं झालं. बाळूचा मी पाव्हणं झालो. दर वर्षी यायचो, दर वर्षी पहिल्या पंगतीला बसायचो. तू, वैनी आणि पुढं विकास मागून आत चुलीपाशी बसायचात. तिथं काय उरलेलं असायचं, कुणाच्या वाट्याला काय यायचं, मला ठाऊक नाही. मी तोवर बाहेर सुपारी कातरत बसलेलो असायचो.

आईच्या वेळी मला पहिल्यांदा या मानाची किंमत कळली. मी लेहला होतो. तीन महिने ती अंथरुणाला खिळून होती, आणि तीन महिने तुझी पत्रं येत होती, इकडील सर्व खुशाल आहे. मी आलो तो दहाव्याला. दारात उभा राहून तुझ्यावर ओरडलो होतो, अख्ख्या गल्लीनं ऐकलं. तू शांतपणे म्हणालास, "तितं बर्फात बसून तू काय करनार हुतास? नुसता जीव जाळला असतास." भावकीतल्या म्हाताऱ्यांनीही तुझीच री ओढली. बॉर्डरवरच्या पोराला घरचं वाईट कळवायचं नसतं. आपल्या आळीत घरटी एक फौजी, त्यामुळं सगळ्यांच्या घरी हीच रीत. रीत म्हटल्यावर मी कुणाशी भांडणार?

पण आण्णा, मी बॉर्डरवरून परत येऊन अठरा वर्षं झाली होती. साताऱ्यात राहत होतो, तीन तासांच्या अंतरावर. दर रविवारी सकाळी तुला फोन करत होतो. "कसं काय आण्णा?" "झकास." "वैनी?" "झकास." "पाऊस?" "हाय बरा." मी फौज सोडली, पण तू काही मला बॉर्डरवरून परत बोलावलं नाहीस. मला अजून खुशालीच कळवत होतास.

आता गेल्या वर्षीचं भांडण. ते आपण मिटवलं नाही, म्हणून इथं पुन्हा काढतो.

गेल्या वर्षी शाळू काढणीला मी चार दिवस आलो होतो. सकाळी तुझ्याआधी रानात गेलो. दोन ओळी धरल्या आणि उपटत निघालो. पाठ बोलत होती, तळहात सोलत होते, पण बरं वाटत होतं. या मातीत पोरपणी मीही राबलोय, हे माझ्या हाताला आठवत होतं. नऊच्या सुमाराला तू आलास. बांधावर उभा राहून बघितलंस, आणि मग कामाला आलेल्या बायकांदेखत हसून म्हणालास, "आवं पाव्हणं, उनाचं कशाला? सावलीला बसा जावा. च्या पाठवतू." बायका खळाळून हसल्या. माझ्या पुढच्या ओळीत घुसून तू उपटायला लागलासही. माझी ओळ घेतलीस, आण्णा.

मी हातातली शाळूची ताटं तिथंच टाकली. म्हणालो, "आण्णा, ह्यो माझ्या बाचा मळा हाय. मला पाव्हणा म्हनायचं बंद कर. माझं ताट हितनं पुढं तुझ्याबरूबर मांड." तू मान वर न करता म्हणालास, "चार दिसासाठनं कशाला ग्वांधळ घालतूस?" चार दिसासाठनं. तो शब्द मला झोंबला. मी तुला म्हणालो, "बरं. आता पाव्हणाच म्हणून येतो. बघू कसं निभावतूस." दुपारच्या गाडीनं निघून आलो. वैनींनी फाट्यापर्यंत कुणाच्या तरी हाती भाकरी बांधून पाठवली, ती मी घेतली नाही.

पुढच्या रविवारी फोन केला तर तू म्हणालास, "झकास." मीही झकास म्हणालो. भांडणाचा विषय तूही काढला नाहीस, मीही नाही. आपण दोघं एका आईची लेकरं, एवढं त्यावरून नक्की.

यंदा जानेवारीत मी तुला फोन करून सांगितलं की, लेकीच्या, शीतलच्या सासरची मंडळी घेऊन हुरड्याला येतोय. पुण्याची माणसं. दोन गाड्या, चौदा जण. तुला आधी विचारलं नाही, सांगितलं. पलीकडं तू जरा गप्प झालास. एवढा वेळ तू फोनवर कधी गप्प राहिला नव्हतास. मग म्हणालास, "या की. घर काय परकं हाय का?"

ते गप्प राहणं मी कसं वाचलं, ते तुला सांगायलाच हवं, नाहीतर हे सगळं लिहिणं खोटं ठरेल. मला वाटलं, बरं टोचलं. मला बरं वाटलं, आण्णा.

आम्ही आलो तेव्हा तू मळ्यात सगळी तयारी करून ठेवली होतीस. आगटी खणून त्यात गोवऱ्यांचा विस्तव फुलवलेला, शेजारी गुळभेंडी शाळूची कोवळी कणसं. वैनींनी शेंगदाण्याची, जवसाची, लसणाची चटणी केलेली, दह्याचं गाडगं, गूळ. पोत्यावर बसून तू विस्तवातलं गरम कणीस उचलायचास, तळव्यावर चोळायचास, फुंकर मारून भुसा उडवायचास आणि दाणे समोरच्याच्या हातात द्यायचास. तास झाला, दोन तास झाले. चौदा माणसं खात होती, तू चोळत होतास. शीतलचा दीर फोटो काढत होता. तुझ्या अंगात स्वेटर, डोक्याला मफलर गळ्यापर्यंत गुंडाळलेला. मी म्हणालो, "आण्णा, बारीक झालायस." तू म्हणालास, "आता जाड हून काय कुस्ती खेळायची हाय का?" मंडळी हसली.

मग व्याही तुला म्हणाले, "दादा, तुम्ही पण घ्या ना. सकाळपासून आम्हालाच देताय." तू म्हणालास, "आमचं काय, आमचं रोजचंच हाय." आणि मी काय म्हणालो? तुझ्या आधी, मोठ्या ऐटीत, पुण्याच्या माणसांना आपल्या घरची रीत समजावून सांगत मी म्हणालो, "तो मागून जेवेल. आमच्याकडं पाहुण्यांचं झाल्याशिवाय घरचं माणूस घास घेत नाही."

तू मान डोलावलीस. कणीस चोळत राहिलास.

तुझ्या घशाखाली तेव्हा महिनाभर घास उतरत नव्हता. मला हे तुझ्या अंत्यविधीनंतर कळलं. श्रावणात पहिल्यांदा भाकरी अडकली म्हणे, पाण्याचा घोट घेऊन तू ती ढकललीस. दसऱ्याला भाकरी बंद झाली, दुधात चुरून भात सुरू झाला. दिवाळीनंतर मिरजेला दाखवलं. अन्ननलिकेत गाठ होती, उशीर झाला होता. डिसेंबरात भातही बंद झाला. पेज, ताक, दूध, तेही घोट घोट, अर्धा बाहेर यायचा. हे सगळं चालू होतं तेव्हा रविवारी सकाळी मी विचारत होतो कसं काय, आणि तू सांगत होतास झकास.

दसऱ्याला मी आलो होतो, आण्णा. दिवाळीच्या पाडव्यालाही आलो होतो. दोन्ही वेळा या घरात पोटभर जेवलो. पहिल्या पंगतीला. तू वाढलंस, आग्रह केलास, पुरणपोळीवर तूप ओतलंस. मी हात धुऊन बाहेर आलो, आणि तू आत जाऊन वाटीभर पेजेसमोर बसलास. मी एकदा, फक्त एकदा उठून आत बघितलं असतं, तर मला तुझं ताट दिसलं असतं. पंधरा पावलांचं अंतर. चाळीस वर्षं मी ते चाललो नाही. तू चालू दिलं नाहीस, असं मी म्हणत आलो. पण खरं तर बाहेर बसायला मलाही बरं वाटत होतं. सुपारी होती, वारा होता, गप्पा होत्या.

पुढचं वैनींनी सांगितलं, पाचव्या की सहाव्या दिवशी. त्यांनी सांगावं म्हणून मी मागं लागलो, मग त्यांनी सांगितलं, आणि आता वाटतं विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

जानेवारीत मिरजेच्या डॉक्टरांनी नाकातून नळी घालायला सांगितलं होतं. पोटात काही जात नाही, निदान नळीनं तरी जाईल म्हणून. तारीख ठरली होती. आणि मग माझा फोन आला, चौदा माणसं घेऊन येतोय.

"म्या म्हनलं, भावजींना सांगू, फुडच्या महिन्यात या म्हनावं," वैनी म्हणाल्या. "तर माज्यावर डाफरलं. म्हनलं, त्येच्या लेकीच्या सासरची मानसं हायती, त्येला खाली बगायला लावू का? नळी घालून बसलो आगटीम्होरं, तर कुनाच्या घशाखाली हुरडा उतरंल? हुरडा हू दे, मग घालू."

"किती दिवस लांबलं वैनी?"

"आट धा दिस."

"त्यानं फरक पडला असता का?"

"न्हाई," वैनी लगेच म्हणाल्या. "डाक्टर म्हनलं, काय फरक पडला नसता. तुमी जिवाला लावून घिऊ नगा."

एवढं लगेच म्हणाल्या की माझा विश्वास बसला नाही. हीच तर अडचण आहे. हे घर मला चाळीस वर्षं खुशालीच सांगत आलंय. आता खरं काय ते मी कुणाला विचारू? मिरजेला जाऊन, तुझी फाईल पुढं ठेवून डॉक्टरला विचारावं, असं दहादा मनात आलं. विकासला फाईल कुठं आहे तेही विचारून ठेवलंय. गेलो नाही. भीती वाटते.

तुझा राग येतो आण्णा. एवढा राग येतो की रडताना मधेच दात आवळले जातात. नळी घालून बसला असतास तर काय झालं असतं? व्याही काय म्हणाले असते? फार तर दोन मिनिटं गप्प झाले असते आणि लवकर निघाले असते. मला खाली बघायला लागलं असतं तर लागलं असतं. तुला कुणी सांगितलं होतं माझी मान एवढी वर ठेवायला? आणि लगेच पुढच्या क्षणी ते दिसतं. पोत्यावर बसलेला तू, पोटात अन्नाचा कण नाही, विस्तवाजवळ तोंड भाजतंय, आणि माझ्या लेकीची सासू म्हणतेय, "अजून थोडा द्या हं, छान आहे." आणि तू देतोयस. एवढं माझ्यासाठी कुणी केलं नाही. कुणी करूही नये.

तू गेलास त्या सकाळी विकासचा फोन आला. सातला. "काका, आण्णांचं जरा जास्त हाय. या." मी म्हणालो, "दवाखान्यात नेलंय का?" तो म्हणाला, "न्हाई, घरीच हाय. तुमी सावकाश या." सावकाश या म्हटल्यावरही मला कळलं नाही. वाटेत नंदाला मी म्हणत होतो, यावेळी त्याला साताऱ्याला घेऊन येऊ, आपल्याकडं ठेवू, पुण्याला दाखवू. शीतलला फोन करून डॉक्टरचं नाव शोधायलाही सांगितलं. गाडी गावात शिरली, चावडीजवळच्या कट्ट्यावर बसलेली माणसं मला बघून उठून उभी राहिली, तेव्हा कळलं. तू पाचलाच गेला होतास. वाटेत मला काही होऊ नये म्हणून पोरानं सांगितलं नव्हतं. तुझंच पोर. मी त्याला काय बोलणार?

तुझी माती करून परत आलो. आपल्याकडं त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, हे तुला काय सांगायचं? भावकीतल्या घरांतून पिठलं आणि भाकरी आल्या, आणि घरच्या माणसांना पाहुण्यांनी बसवून तो कडू घास भरवायचा. मी सवयीनं बाहेर ओट्यावर बसलो होतो. वैनींचे भाऊ बाहेर आले, माझ्या दंडाला धरून म्हणाले, "दाजी, आत चला. तुमी घरचं. आज आमी पाव्हणं, तुमी न्हाई." आत विकासशेजारी बसलो. वैनींच्या भावानं भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून माझ्या तोंडापुढं धरला. पहिल्यांदा त्या भिंतीला पाठ लावून जेवलो, आण्णा. घास गिळताना तुझा घसा आठवला, आणि मला तो गिळता येईना. लोकांना वाटलं दुःखानं. दुःख होतंच, पण लाजही होती.

तुझा शाळू दोन दिवस रानात तसाच उभा होता. पाखरं बसायला लागली, तेव्हा तिसऱ्या दिवशी रक्षा सावडून आल्यावर भावकीतली अकरा माणसं न बोलावता मळ्यात उतरली. मीही उतरलो. कुणी मला सावलीला बस म्हणालं नाही. तीन दिवसांत सगळा निघाला. यंदा ताट चांगलं उंच होतं, कणसं भरलेली होती. आजारी माणसानं एवढं पीक कसं उभं केलं, असं एक जण बांधावर बसून म्हणाला, आणि सगळे पुन्हा उपटायला लागले. मळणीला मशीन आलं, घरात पोती लागली. चांगला झाला शाळू. हे मी तुला खरं सांगतोय, खुशाली म्हणून नव्हे.

आणि आता कालची गोष्ट. ती सांगायची म्हणूनच खरं तर हा कागद घेतला.

काल दुपारी शिराळ्याहून आत्या आली. शहाऐंशी वर्षांची आपली आत्या, कमरेचं हाड मोडल्यापासून काठी घेऊन चार पावलं चालते. तिला तुझं पंधरा दिवस कुणी सांगितलंच नव्हतं. तिच्या पोरांनी काल सकाळी सांगितलं आणि गाडीत घालून आणलं. तिला धरून उतरवताना तिचा थोरला माझ्या कानात म्हणाला, "तेवढं जपून बोला. तिला झेपायचं न्हाई."

तिला सोप्यात खुर्चीवर बसवलं. ती रडली नाही. आधी घर बघितलं, मग मला बघितलं, डोक्यावरून हात फिरवला. दहाव्याला केस काढलेत माझे, विकासबरोबर. मग माझं मनगट घट्ट धरलं. तिच्या हातात अजून जोर आहे.

"बाळू, तू खरं सांग. ही पोरं मला काय बी सांगत न्हाईती. म्हातारी म्हनून समद्यांनी मला कोपऱ्यात टाकलंय. लय तरास झाला का रं माझ्या लेकराला?"

मी तिच्याकडं बघितलं. मला तिचं दुःख पुरेपूर कळत होतं. कोपऱ्यात टाकलंय, हे तिचं म्हणणं माझ्या तोंडातलं होतं. चाळीस वर्षं मी हेच म्हणत होतो. सांगावं, आत्या, सात महिने तो उपाशी होता. सांगावं, शेवटी शेवटी रक्ताच्या गुळण्या होत होत्या, वैनी आणि विकास आळीपाळीनं भांडं धरत होते. तिला कळायचा हक्क आहे. आपल्या बापाची बहीण आहे ती, तुला तिनं कडेवर खेळवलंय.

"न्हाई आत्या," मी म्हणालो. "झोपंतच गेला."

"जेवत हुता का शेवटपतूर?"

वैनी मधल्या दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात तिच्यासाठी आणलेला चहा होता. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

"व्हय की. आदल्या दिशी संध्याकाळी भाकरी खाल्ली." आणि आत्याला खरं वाटावं म्हणून मी पुढं म्हणालो, "अर्धीच खाल्ली. म्हनला, आता भूक न्हाई."

"कशासंगं?"

मी अडखळलो. तेव्हा दारातून वैनींचा आवाज आला. अगदी साधा. "वांग्याचं कालवण केलं हुतं आत्या. त्यास्नी आवडायचं न्हवं, तसलं."

आत्यानं डोळे मिटले. मान हलवली. "मग बरं," म्हणाली. "मग बरं झालं. पोटाला खाऊन गेला." आणि तेव्हा ती रडायला लागली, मोकळी, लहान पोरीसारखी. मी तिची पाठ थोपटत राहिलो. वैनी चहा ठेवून आत गेल्या. मागच्या दाराला, पाण्याच्या हौदापाशी, त्या बराच वेळ उभ्या होत्या.

संध्याकाळच्या आत ते सगळे गेले. मी ओट्यावर बसलो. तुझ्यावर इतकी वर्षं ज्या गोष्टीसाठी चिडलो, ती मी किती सहज केली, आण्णा. विचारसुद्धा करावा लागला नाही. तिला खरं सांगितलं असतं तर ती ते घेऊन गाडीत बसली असती, रात्रभर तळमळली असती, आणि तिच्यानं तिथं काहीच करणं झालं नसतं. म्हणून ते माझ्याकडंच ठेवलं. वैनींकडं ठेवलं. ते ठेवायला जागा लागते आणि ती घरच्यांच्याच अंगात असते, हे मला काल कळलं. तू आईचे तीन महिने एकट्यानं ठेवलेस. मग स्वतःचे सात.

तरी मी तुला माफ केलेलं नाही. आत्या शहाऐंशी वर्षांची आहे. मी तुझा भाऊ होतो, माझे हातपाय धड होते, मला भांडं धरता आलं असतं. वैनी आणि विकास आळीपाळीनं धरत होते तिथं तिसरी पाळी माझी होती. ती तू मला दिली नाहीस, आणि आता कुणीच देऊ शकत नाही.

मी घरचा झालो, आण्णा. पण मला तू असताना व्हायचं होतं.